खाऱ्या पट्टीतली करडई

माझी गिरजाआत्या आमच्याकडे आली की पहिल्याच दिवशी पाण्यावरून कुरकुर करायची. बाबांची ही थोरली बहीण, पूर्णेच्या काठच्या गावात दिलेली. तिकडचा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. लग्न होऊन गेली तेव्हा म्हणे त्या पाण्यापायी ती महिनाभर रडली, आणि पुढे तिला त्याची इतकी सवय झाली की माहेरचं पाणी पाणी वाटेना. आमच्या नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं निवळ पाणी मायनं तांब्याभर पुढे केलं की आत्या दोन घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, "कायचं पानी हाये व हे? काही चवच नाही." मग खरोखर चिमूटभर मीठ मागून घ्यायची आणि तांब्यात टाकून बोटानं ढवळायची. आम्ही पोरं हसून हसून लोळायचो. आज वाशीमला माझ्या ओट्यावर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. त्यातला पेला तोंडाला लावला की मला आत्याचं ते वाकडं तोंड आठवतं. तिला हे पाणी अजिबात आवडलं नसतं.

आमचं गाव रिठदच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. बाबा मालकांकडे सालदार होते. म्हणजे एका अखजीपासून, अक्षय्य तृतीयेपासून, दुसऱ्या अखजीपर्यंत माणूस त्या घरचा. बदल्यात धान्य, थोडे पैसे, एक जोडा आणि एक घोंगडं. आमच्या घरातली सकाळ कोंबड्यानं व्हायची नाही, मालकांच्या हाकेनं व्हायची. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ते "किसनाऽ" म्हणाले की बाबा अर्धवट झोपेत "आलो जी" म्हणत उठायचे आणि माय चुलीपुढून उठून भाकरीवर ठेचा ठेवून फडक्यात बांधायची. मालक वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगून टाकते. पण त्यांच्या घरी बाबांना पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. तांब्या मालकांच्या घरचा आणि ओंजळ आमची, हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कोणी बोलतसुद्धा नसे. गावच्या विहिरीवरही तसंच. आमच्या आळीच्या बायांनी घागर घेऊन बाजूला उभं राहायचं, कोणाच्या मनात आलं तर ती वाढणार. म्हणून तर आम्ही नाल्यातला झिरा धरून होतो.

मग सरकारी वाटपात बाबांना नाल्याकाठची जमीन मिळाली. आमच्या घराण्यातली पहिली जमीन. लांबट, सखल पट्टी, सगळ्या गावाचं पाणी उतरून तिथे येऊन बसायचं. उन्हाळ्यात ते आटलं की जमिनीवर पांढरा पापुद्रा धरायचा, कोणी रांगोळीचा डबा सांडल्यासारखा. गावातल्या शेळ्यांना आमचं शेत फार आवडे. चरायला तिथे काहीच नव्हतं, पण जमीन चाटायला त्या लांबून यायच्या. लोक त्याला खारी पट्टी म्हणायचे आणि नाव घेताना जरा हसायचे. बाबा हसले नाहीत. त्या अखजीला त्यांनी मालकांचं घोंगडं झटकून, घडी घालून त्यांच्या ओसरीवर ठेवलं, वर जोडा ठेवला, आणि म्हणाले, "मालक, आता मी माहं वावर करतो." मालकांनी ते घोंगडं उचलून खुंटीला अडकवलं. "राहू दे इथंच," ते म्हणाले. "खाऱ्या पट्टीत काही होत नाही किसना. वाटलं तं पुढच्या अखजीले येजो, घेऊन जाजो." दुसऱ्या दिवशी पहाटे हाक आली नाही. तरी बाबा उठलेच, आणि उजाडेपर्यंत दारात बसून राहिले. हाकेशिवाय उठायचं कसं, हे त्यांना समजत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात विहीर खोदली. एकट्यानं विहीर होत नाही, सगळी आळी आली. पुरुष खाली खोदायचे, बाया टोपल्यांनी माती वर काढायच्या, आम्ही पोरं ती बांधावर नेऊन टाकायचो. जमीन सखल, त्यामुळे पाणी लवकर लागलं. जो आरडाओरडा झाला तो मला अजून ऐकू येतो. आमच्याकडे रीत अशी, की नव्या विहिरीचं पहिलं पाणी हजर असलेल्या प्रत्येकाच्या ओंजळीत घालायचं आणि त्यानं ते पिऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं "गोड" म्हणायचं. बाबांनी पहिली ओंजळ प्यायली. क्षणभर थांबले. आणि म्हणाले, "गोड!" मायनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती त्यांच्याहून मोठ्यानं म्हणाली, "गोड!" मग ओळीनं सगळे. आळीतला सर्वांत म्हातारा माणूस पिऊन खोकला आणि डोळे पुसत म्हणाला, "लय गोड." माझी पाळी आली तेव्हा मला आमटीचं निवळ प्यायल्यासारखं वाटलं, पण इतक्या माणसांनी सांगितल्यावर माझ्या जिभेचं काय ऐकायचं? आमच्या आळीची पहिली विहीर होती ती. बाजूला उभं न राहता, कोणाकडे न बघता घागर बुडवायची विहीर. तिला खारी कोण म्हणणार?

माय रोज संध्याकाळी त्या विहिरीची घागर डोक्यावर घेऊन घरी यायची. नाल्याकडून जवळची वाट होती, पण ती मुद्दाम गावाच्या मधल्या रस्त्यानं यायची, दम खायला पारापाशी थांबायची, आणि विचारलं नाही तरी सांगायची, "आमच्या इहिरीचं हाये." घरात मात्र गमती सुरू झाल्या. तुरीची दाळ सकाळी चुलीवर चढवली तर दुपारपर्यंत दाणा न् दाणा वेगळा. माय म्हणायची, दाळच जुनी दिसते. चहात दूध घातलं की चहा फाटायचा. बाबा म्हणायचे, दूधवाला नासकं देऊन राह्यला. साबणाला फेस येईना तेव्हा दुकानदाराला शिव्या बसल्या. घरात दाळ, दूध, साबण, सरपण सगळ्यांवर आळ येऊन गेला, फक्त पाण्याचं नाव कोणी काढलं नाही. आत्या त्या वर्षी सासूच्या दुखण्यात अडकली होती, म्हणून विहिरीच्या पाण्याला आली नव्हती. ती असती तर सगळं तिथल्या तिथे निकालात निघालं असतं.

पावसाळ्यातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथेच थांबली. बाबा म्हणाले, पहिलं वर्ष आहे. हिवाळ्यात त्यांनी गहू पेरला, कारण विहीर असलेला माणूस गहू पेरतो. बैल नव्हते, तेव्हा दुसऱ्याच्या शेतात दिवस भरून त्यांनी त्याची जोडी आणली आणि मोट धरली. मोटेचं पाणी पाटातून खळखळत यायला लागलं की बाबा वाफ्यात उभे राहून ते स्वतःच्या पायांवरून जाऊ द्यायचे. गहू उगवला विरळ. मग पानांची टोकं जळाल्यासारखी तांबूस व्हायला लागली, आणि दुपारी सगळा वाफा माना टाकायचा. "तहानला गहू," बाबा म्हणायचे आणि आणखी पाणी सोडायचे. जितकं पाणी दिलं तितका गहू तहानत गेला. वाफे वाळले की वर पांढरं फुलून यायचं, आधी कडेनं, मग मधोमध. शेळ्या परत यायला लागल्या.

शिमग्याच्या आधी आत्या आली. बोचकं घरात टाकायच्या आधी म्हणाली, "पयले इहीर दाखवा." आम्ही सगळे तिच्या मागून शेतात गेलो. मायनं तांब्या घासूनपुसून नेला होता. बाबांनी स्वतः पाणी काढून तिच्या हातात दिलं. मी आत्याच्या तोंडाकडे बघत होते, आता वाकडं होईल, आता मीठ मागेल. आत्यानं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली घेतला. हाताच्या मागल्या बाजूनं ओठ पुसले आणि तिचा चेहरा असा खुलला, की जणू तिच्या गावची कोणी बाई भर बाजारात भेटावी. "अरे किसना," ती म्हणाली, "हे तं माह्या सासरचं पानी हाये!"

मोटेच्या चाकावर बसलेला कावळा तेवढा ओरडला. मग मायनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे, तर ती हसत होती. "मले पयल्या दिवशीच समजलं व्हतं," ती म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही?" बाबा चिडले.

"तुमी बोलले का?"

बाबा बांधावर बसले. आत्या तोवर गव्हात शिरली होती. तिनं एक रोप उपटलं, मूळ पाहिलं, मातीचं ढेकूळ फोडून जिभेला लावलं आणि थुंकली. "तहानला नाही हा," ती म्हणाली. "मिठानं याचं तोंड सुकलं. आन् तू त्याले अजून खारं पाजून राह्यला! पानी हाये पायाशी, पन मुळीले पेता येत नाही. बंद कर आधी मोट."

"येवढी इहीर खंदली," बाबा म्हणाले, "आळीतले लोक राबले, आन् तिचं पानी बंद करू?" पुढचं ते खाली बघत बोलले. "अखजी जवळ आली. मी मालकाच्या दारात जातो. घोंगडं खुंटीलेच हाये."

त्या वाक्यानं मायचं हसू गेलं. बाबा त्या ओसरीपुढे उभे राहून घोंगडं मागतील, आणि पुन्हा पहाटे गल्लीच्या तोंडाशी हाक येईल, हे मला डोळ्यापुढे दिसलं. मालकांच्या तांब्यापेक्षा आमच्या खाऱ्या विहिरीशी आपण जास्त बांधलेले आहोत, हे मला त्या वयात शब्दांत सांगता आलं नसतं, पण छातीत कळत होतं.

आत्या हात झटकत बांधावर आली. ती बोलायला लागली की मोठमोठ्यानं बोलायची, आणि स्वतःची तारीफ करायला कधी लाजायची नाही. "आमच्या तिकडं सारा मुलूख खारा हाये. मंग काय आमी मीठ खाऊन जगून राह्यलो? एक पावसाळा दे मले. नाही झालं तं मीच तुह्या संगं येईन, डोक्यावर घेऊन येईन तुहं घोंगडं." बाबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण अखजी आली आणि ते गेले नाहीत. मायसोबत दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जायला लागले, आणि उरलेल्या वेळात आत्याच्या हाताखाली.

आत्या मुकादम म्हणून फार वाईट होती. आधी तिनं आम्हाला वरचा पांढरा पापुद्रा खरडायला लावला. खराट्यानं गोळा करायचा, टोपलीत भरायचा आणि शेताच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडच्या पडीत नेऊन टाकायचा. शेळ्या बिचाऱ्या आमच्या मागोमाग पडीत गेल्या. मग शेताच्या सर्वांत सखल कडेनं एक खोल चर खणला, तो नाल्याला नेऊन सोडला. वरच्या अंगाला बांध घातले, गावाचं वाहून येणारं पाणी बाहेरच्या बाहेर वळवलं, आणि मधे वाफे केले. "आभायाचं पानी गोड असते," आत्या सांगायची. "त्याले वाफ्यात कोंड. ते मिठाले घेऊन खाली जाते, चरातून भायेर पडते. दार ठेवलं नाही तं मीठ जाईन कुठून?" पाऊस सुरू झाला की ती डोक्यावर पोतं घेऊन चराच्या तोंडाशी जाऊन बसायची. गढूळ पाणी नाल्यात पडताना बोट बुडवून चाटायची आणि घरी येऊन आनंदानं बातमी द्यायची, "आज लय खारं गेलं!" दुसऱ्यांच्या घरी पावसात भजी होत होती. आमच्या घरी नाल्यात किती मीठ गेलं याच्या गप्पा होत होत्या.

मधे सासरी जाऊन येताना तिनं धैंच्याचं, म्हणजे तागासारख्या एका झाडाचं, बी आणलं होतं. तो त्या पावसात माणसाएवढा वाढला, हिरवागार. आमच्या शेतात इतकं हिरवं कधी कोणी पाहिलं नव्हतं. मायनं तर दृष्टही काढली असती. आणि ऐन फुलावर आला तेव्हा आत्या म्हणाली, नांगरून गाडा, याचंच खत. बाबांचा हात उठेना. दोन वर्षांत पहिल्यांदा काही नीट वाढलेलं, ते मातीत घालायचं! त्या दिवशी ते आत्याशी बोललेच नाहीत, पण नांगर धरला. धैंचा कुजला तसा शेताला शेणासारखा वास सुटला, आणि त्यानंतर माती हातात घेतली की ढेकळाऐवजी भुगा व्हायला लागली.

हिवाळ्यात गहू नाही, हरभरा नाही. हरभऱ्याला खार सोसत नाही, करडई सोसते, असा आत्याचा हुकूम. बी आदल्या दिवशी भिजवलं. पेरायला सऱ्या पाडल्या तेव्हा मी सगळ्यांसारखं वरंब्याच्या माथ्यावर बी टाकायला गेले, तर आत्यानं माझा हात धरला. "शांते, मीठ डोक्यावर चढते. बी त्याच्या बगलेत ठेव." खरंच, पुढे वाळल्यावर पांढरं जे फुललं ते वरंब्यांच्या माथ्यावर, आणि रोपं मजेत कुशीला उभी. विहिरीचा एक थेंब त्या पिकाला दिला नाही. पावसाची जी ओल खाली जिरली होती तिच्यावर करडई आली. कोवळी होती तेव्हा मायनं तिची भाजी केली, लसूण आणि तिखट घालून, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसोबत. आपल्या वावरातली पहिली भाजी. बाबांनी एक घास खाल्ला, मग ताट घेऊन बाहेर अंगणात जाऊन बसले. डोळे भरून आले की ते असंच करत. सगळं शेत काही सुधारलं नव्हतं, तेही सांगते. नाल्याजवळचा कोपरा पांढरा होता तो तसाच राहिला. तो आम्ही शेळ्यांना सोडून दिला.

करडई पिकली की तिचे काटे हाताला फाडून टाकतात. म्हणून ती दवात कापायची, काटे मऊ असतात तेव्हा. पहाटे आळीतल्या बाया हातांना फडकी गुंडाळून आल्या, आत्या सगळ्यांच्या पुढे. कोणी हाक मारली नव्हती. मी उठले तेव्हा बाबा केव्हाच शेतात गेले होते. ऊन चढेपर्यंत हसणं, ओरडणं, काटा टोचला की आत्याच्या नावानं बोंबलणं असं चाललं. खळं झालं, तेल निघालं, आणि मायनं त्या तेलात जे पहिलं काही तळलं ते आळीत घरोघरी गेलं.

मग अखजी आली. आम्ही शेतात होतो, बाबा चर साफ करत होते. वैशाखाच्या भर उन्हात बांधावरून मालक येताना दिसले. एकटेच, डोक्याला उपरणं. बाबा चरातून वर आले, सवयीनं हात जोडले. मालकांनी शेतभर नजर फिरवली. करडईच्या खुंटांवर त्यांची नजर थांबली. "किसना," ते म्हणाले, "नवा सालदार टिकला नाही. घोंगडं अजून खुंटीलेच हाये. तुह्यासारखा माणूस भेटत नाही मले."

बाबा काही बोलायच्या आत आत्या विहिरीवरून तांब्या भरून घेऊन आली. मायनं तिला थांबवायला हात पुढे केला, पण आत्या थांबणारी नव्हती. "उन्हाचे आले मालक," ती म्हणाली. "घ्या. आमच्या इहिरीचं हाये." तांब्या तिनं सरळ पुढे धरला. ओतण्यासाठी नाही, देण्यासाठी. मालकांनी तांब्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. घसा कोरडा पडला होता की आणखी काही मनात आलं, ते मला माहीत नाही. त्यांनी हात पुढे करून तांब्या घेतला, तोंडाला लावला, आणि दोन मोठे घोट घेतले. त्यांचं तोंड असं झालं की मी मान फिरवली. पण नवी विहीर आणि पहिल्यांदा प्यायलेलं पाणी. रीत त्यांनाही ठाऊक होती.

"गोड हाये," मालक म्हणाले.

बाबा हसले. इतक्या वर्षांत मालकांपुढे ते कधी हसलेले मी पाहिले नव्हते. "नाही जी," ते म्हणाले, "खारं हाये. वावरही खारंच हाये. पन आता त्याची आन् आमची वळख झाली. घोंगडं दुसऱ्या कोनाले देऊन टाका."

मालक बांधावर, करडईच्या भुसावर बसले आणि तांब्यात उरलेलं पाणीही पिऊन टाकलं. आत्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला आणि हळूच म्हणाली, "पाह्य, आवडून राह्यलं."